रेड डॉटवर चकाकीरोधक जाळी लावावी का? इंदूरच्या नव्या नेमबाजांसाठी

सुरुवातीलाच उत्तर देतो. इंदुरात एअर रायफलवर रेड डॉट (नेम धरायला काचेत लाल ठिपका दाखवणारी साईट) लावून नुकतीच सुरुवात केलेल्या बहुतेकांना पुढे लावायच्या चकाकीरोधक जाळीची गरज नसते. त्यांना छळणारी चकाकी जाळीने जाणारी नसतेच. ती कुठून येते हे शोधायला अर्धी सकाळ आणि एक काळा चार्टपेपर पुरतो. तेवढं केल्याशिवाय जाळीवर पैसे घालू नका. तपासणीनंतर जाळी हवीच असं निघालं, तर कोणती घ्यायची आणि कशी पारखायची तेही खाली दिलं आहे.

ज्यांना स्पर्धेच्या वाटेने जायचं आहे त्यांनी रेड डॉटची सवय लावून घेऊ नये. आंतरराष्ट्रीय नियमांत १० मीटर एअर रायफलला भिंगांची साईट चालत नाही. मागे बारीक भोकाची पीप साईट आणि पुढे रिंग, असाच नेम धरावा लागतो. स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं तेही अशाच साईटवर. शिवाय आकड्यांचा हिशेब पाहा. ठिपक्याचा आकार एमओए या कोनाच्या मापात सांगतात. १ एमओए म्हणजे १०० मीटरवर साधारण २.९ सेंटिमीटर, म्हणजेच १० मीटरवर २.९ मिलिमीटर. त्यामुळे २ एमओएचा ठिपका १० मीटरवर सुमारे ५.८ मिलिमीटरचा होतो. एअर रायफलच्या टार्गेटवर नऊचं वर्तुळ ५.५ मिलिमीटरचं असतं आणि दहाचा बिंदू अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. ठिपका ते सगळंच झाकून टाकतो. रेड डॉटची खरी जागा हौशी सरावात आहे: डबे, लोखंडी पाडटार्गेटं, दोन्ही डोळे उघडे ठेवून पटकन नेम धरायची सवय.

सुरक्षेबद्दल दोन वाक्यं, ती टाळता येत नाहीत. ०.१७७ बोअर आणि २० जूलपर्यंतच्या एअर रायफलला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, पण म्हणून ते खेळणं होत नाही. टिळकनगर किंवा सुदामानगरच्या गच्चीवर, आजूबाजूला खिडक्या आणि खाली माणसं असताना छर्रे उडवू नका. खाली सांगितलेल्या सगळ्या तपासण्या रायफल रिकामी, बोल्ट किंवा बॅरल उघडी आणि सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण) आत घातलेला असतानाच करायच्या, आणि रायफलच्या नळीच्या पुढे कोणाचाही हात जाता कामा नये.

रेड डॉटच्या आत काय घडतं

हे समजलं की पुढचं अर्धं काम झालं. साईटच्या नळीत एका कडेला एक बारीक लाल एलईडी असतो. तो पुढच्या भिंगाच्या आतल्या बाजूवर प्रकाश टाकतो. त्या भिंगाला असं कोटिंग असतं की लाल रंग परत डोळ्याकडे वळावा आणि बाकीचे रंग आरपार जावेत. म्हणून पुढून पाहिलं की भिंग रंगीत, आरशासारखं चमकतं. परावर्तनावर चालणाऱ्या साईटची कल्पना दुर्बिणी बनवणाऱ्या आयरिश हॉवर्ड ग्रब याने १९०० साली मांडली. एलईडीवर चालणारी रेड डॉट स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये बाजारात आणली.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. चांगल्या कोटिंगने हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली आणता येतं. झाइसमध्ये अलेक्झांडर स्मकुला याने १९३५ साली असं कोटिंग विकसित केलं आणि कॅमेऱ्यापासून चष्म्यापर्यंत सगळीकडे ते पोचलं. रेड डॉटच्या पुढच्या भिंगाला मात्र ही सूट पूर्ण घेता येत नाही, कारण लाल प्रकाश परत फेकणं हेच त्याचं काम आहे. सूर्याच्या प्रकाशातला लाल भागही ते तसाच परत फेकणार. ही चमक कोटिंगने जात नाही, म्हणून तिच्यासाठी जाळी निघाली.

जाळी नेमकं काय करते

पुढच्या तोंडावर मधमाशीच्या पोळ्यासारख्या षटकोनी घरांची काळी चकती बसवतात. अमेरिकेतल्या टेनेब्रेक्स कंपनीची किलफ्लॅश त्यातली सर्वांत ओळखीची. आता त्या नावाने कोणाचीही जाळी विकली जाते. जुन्या वाड्याच्या लाकडी गजांच्या खिडकीसमोर उभं राहिलं तर रस्ता दिसतो आणि तिरकं पाहिलं तर नुसते गज दिसतात, तसंच इथे होतं. सरळ येणारा प्रकाश आत जातो, तिरका भिंतींवर अडतो.

आकडे साधे आहेत. ३० मिलिमीटर तोंडाच्या भिंगापुढे १० मिलिमीटर लांबीची साधी कड लावली तर प्रकाश जवळपास ७१ अंश तिरका होईपर्यंत आत घुसतो, म्हणजे अडत असा काहीच नाही. त्याच १० मिलिमीटर जाडीत ३ मिलिमीटरची घरं केली तर १७ अंशांच्या पुढचा सगळा प्रकाश अडतो. नुसत्या नळीने हेच साधायचं तर ती १०० मिलिमीटर लांब करावी लागेल. जाळीचा सगळा फायदा इथेच संपतो: लांब सावलीचं काम ती आखूड जागेत करते.

ही जाळी मुळात सैनिकासाठी आहे. समोरच्याला भिंगाची चमक दिसून जागा उघडी पडू नये, हा तिचा पहिला हेतू. आपल्याकडे महूत लष्कराची मार्क्समनशिप युनिट आहे, इंदुरातच बीएसएफची शस्त्रं आणि डावपेच शिकवणारी संस्था आहे. त्यांच्या कामात या चमकेला अर्थ आहे. आपल्या डब्यांना आपली चमक दिसली तरी काही बिघडत नाही. आपल्याला विचारायचंय ते एवढंच: आपल्या डोळ्यापर्यंत येणारा उजेड यामुळे कमी होतो का?

पहिली पायरी: ऊन कुठे आहे ते पाहा

रेंजवर उभे राहा आणि सूर्य आपल्या कोणत्या बाजूला आहे ते टार्गेटच्या रेषेवरून मोजा. तीनच शक्यता आहेत.

ऊन पाठीमागून येत असेल तर ते साईटच्या मागच्या तोंडातून शिरतं, पुढच्या भिंगाच्या आतल्या आरशावर आपटतं आणि थेट डोळ्यात येतं. कधी आपल्याच टोपीचं किंवा गालाचं प्रतिबिंब काचेत दिसतं. पुढे लावलेली जाळी इथे काडीचंही काम करत नाही, कारण प्रकाश तिच्यापर्यंत जातच नाही. आणि नव्या माणसांना हीच चकाकी सर्वांत जास्त भेटते. नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतच म्हटलंय की उघड्या रेंजची दिशा अशी असावी की दिवसभरात शक्य तितका वेळ सूर्य नेमबाजाच्या पाठीशी राहील. म्हणजे नीट बांधलेल्या रेंजवर जाळीला काम मिळण्याची शक्यताच कमी. इथे उपाय सोपा: रुंद काठाची टोपी, डोळा साईटच्या थोडा जवळ, किंवा शेडमध्ये एक पाऊल आत. साईटला मागे रबराचं कप बसत असेल तर तेही चालतं.

ऊन समोर पण बाजूला असेल तर ते पुढच्या काचेवर तिरकं पडतं, काच दुधाळ होते आणि ठिपका त्या दुधात विरघळतो. जाळीचा उपयोग होतो तो इथे. इंदूरचं उदाहरण घ्या. डिसेंबरात सकाळी आठला सूर्य क्षितिजाच्या सुमारे १२ अंश वर, आग्नेयेला असतो. रेंजचं तोंड थेट पूर्वेला असेल तर सूर्य नेमाच्या रेषेपासून तीसेक अंश बाजूला राहतो, आणि १७ अंशांची जाळी त्याला सरळ अडवते. तोंड आग्नेयेलाच असेल तर सूर्य जाळीच्या सीमेवर येतो आणि फायदा जेमतेम. जूनमध्ये दुपारी तर सूर्य आपल्या जवळजवळ डोक्यावर असतो, कारण कर्कवृत्त इथून उत्तरेला थोड्याच अंतरावर, उज्जैनजवळून जातं. तेव्हा टोपी पुरते.

तिसरी शक्यता म्हणजे सूर्य साईटमधून दिसतोय किंवा जेमतेम तिच्या कडेला आहे. तिथे कोणतीही जाळी, कोणताही फिल्टर चालत नाही. त्या वेळी नेम धरू नका, साईटमधून सूर्याकडे तर मुळीच पाहू नका. अर्धा तास थांबा किंवा जागा बदला.

इनडोअर १० मीटर हॉलमध्ये सराव करत असाल तर ही पायरी एका वाक्यात संपते: वरच्या दिव्यांचा उजेड त्रास देतो, आणि तो डोक्यावरच्या टोपीने जातो.

दुसरी पायरी: दोष काचेचा की डोळ्याचा

ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मग चांगली साईट विकून टाकतात. ठिपका गोल दिसत नाही, त्याला शेपटी आहे, किंवा तारा फुटल्यासारखा दिसतो, ही तक्रार ऐकली की मी आधी डोळ्याबद्दल विचारतो. दृष्टिवैषम्य, म्हणजे अॅस्टिग्मॅटिझम, असेल तर रेड डॉटचा बारीक ठिपका पसरतो. चष्म्यात सिलिंडरचा नंबर किरकोळ असला तरीही.

तपासणी अशी. मोबाइलचा कॅमेरा साईटच्या मागे धरून ठिपक्याचा फोटो घ्या. फोटोत गोल आणि डोळ्याला फुटलेला, तर काच ठीक आहे. दुसरी तपासणी: साईट हातात धरून हळूहळू फिरवा. ताऱ्याच्या काड्या साईटबरोबर फिरल्या तर दोष साईटचा. त्या जागच्या जागी राहिल्या तर डोळ्याचा. तिसरी: कागदाला सुईने भोक पाडून त्यातून पाहा. ठिपका आवळून गोल झाला तर डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन नंबर पुन्हा काढून घ्या. ही तपासणी जमेल तर साईट रायफलवर बसवण्याआधीच करावी. एकदा झिरो केलेली, म्हणजे ठिपका जिथे तिथेच छर्रा लागेल अशी जुळवलेली, साईट उतरवली की झिरो पुन्हा करावा लागतो.

तिसरी पायरी: काच स्वच्छ, ठिपका मंद

अंगठ्याचा एक तेलकट ठसा काय करतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. सावलीत तो दिसतही नाही. ऊन बाजूने पडलं की ठशाच्या रेघा उजळतात आणि ठिपक्याभोवती लाल केस उगवल्यासारखे दिसतात. माळव्याच्या उन्हाळ्यातली धूळही असाच पडदा धरते. काचेला आधी ब्लोअरने हवा द्या, मग मऊ ब्रश, आणि शेवटी भिंगांचं द्रव लावलेलं मायक्रोफायबर. शर्टाच्या टोकाने पुसलं तर धूळच काचेवर घासली जाते आणि कोटिंगवर कायमचे ओरखडे राहतात; पुढची सगळी चकाकी मग त्या ओरखड्यांचीच असते.

ठिपक्याचा उजेड गरजेपुरताच ठेवा. उन्हात पांढऱ्या टार्गेटवर तो वाढवावा लागतो, पण सावलीत आल्यावर खाली आणायचं विसरलं की ठिपक्याभोवती तेज पसरतं आणि ती चकाकी वाटते. ठिपका कडेने स्वच्छ दिसेल आणि नजर टार्गेटवर असतानाही तो हरवणार नाही, इतका उजेड बरोबर.

चौथी पायरी: चार्टपेपरची नळी

आता खरी परीक्षा. खजुरी बाजारातून काळा, चमक नसलेला चार्टपेपर आणा. साईटच्या पुढच्या तोंडाभोवती एकदा गुंडाळून, तोंडाच्या पुढे १० सेंटिमीटर राहील अशी नळी करा आणि बाहेरून टेपने पक्की करा. टेपचा गोंद काचेजवळ जाऊ देऊ नका. तोंड ३० मिलिमीटरचं असेल तर ही नळी वर सांगितलेल्या जाळीइतकाच, १७ अंशांच्या पुढचा प्रकाश अडवते.

ज्या वेळी आणि ज्या जागी चकाकी येते, नेमक्या त्याच वेळी आणि त्याच जागी नळी लावून पाहा. मग काढून पाहा. फरक पडला नाही तर जाळीनेही पडणार नाही. प्रश्न इथे मिटला. फरक पडला तर नळी हाच तुमचा उपाय होऊ शकतो. नळीने दिसणारी चौकट थोडी आवळते, पण दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरणाऱ्याला ते फारसं जाणवत नाही. आणि काच उघडीच राहिल्याने उजेड अजिबात कमी होत नाही. महिन्यातून चार वेळा रेंजवर जाणाऱ्याने इथेच थांबावं असं मला मनापासून वाटतं.

जाळीतून दिसतं कसं हेही पाहायचं असेल तर काळ्या कागदी स्ट्रॉ घ्या. ६ मिलिमीटर जाडीच्या स्ट्रॉचे २० मिलिमीटरचे तुकडे कापा आणि नळीच्या तोंडात उभे ठासून बसवा. कोन तोच, १७ अंश. दिसायला ओबडधोबड, पण जाळीतून टार्गेट कसं दिसतं याची खरी कल्पना येते.

पाचवी पायरी: जाळी घ्यायचीच असेल तर

नळी लांब पडते, वाऱ्याला हलते, पिशवीत चुरगळते. तरीही कागदाच्या नळीने तुमचा प्रश्न सुटला असेल तर जाळी घ्यायला हरकत नाही. फक्त किंमत समजून घ्या, आणि ती रुपयांतली नाही.

जाळी उजेड खाते. समोर पाहताना भिंतींची जाडी थोडाच खाते, पण कडेला जास्त. ३ मिलिमीटर घर आणि १० मिलिमीटर खोली असेल तर ३ अंश तिरकं पाहताना प्रत्येक घराचा साधारण पाचवा हिस्सा भिंतीआड जातो. म्हणून चौकटीचा मध्य उजळ आणि कडा काळसर दिसतात. दुपारी हे चालतं. संध्याकाळी, किंवा श्रावणातल्या ढगाळ सकाळी, जाळीतला डोळा मंद पाहतो आणि मोकळा डोळा लख्ख. दोन डोळ्यांतल्या या फरकाने नेम धरायला थकवा येतो. उजळ आकाशासमोर पोळ्याची पुसट नक्षीही दिसते. तिच्याकडे पाहायचं सोडलं की तिचा विसर पडतो, पण सगळ्यांनाच ते जमत नाही.

एक फायदाही सांगायला हवा. ठिपक्याचा प्रकाश भिंगाच्या आतच वळतो, जाळी भिंगाच्या बाहेर असते. त्यामुळे जाळी दृश्य मंद करते, ठिपक्याला हात लावत नाही. भर उन्हात ठिपका जाळीमागे थोडा उठून दिसतो.

घेताना आधी साईटचा प्रकार पाहा. नळीसारखी बंद साईट असेल तर पुढे आटे किंवा गोल कड असते, जाळी तिथे बसते. एकाच उघड्या काचेची छोटी साईट असेल तर जाळीला धरायला जागाच नाही. तो विचार सोडा. आपल्या साईटच्या नावाने बनवलेलीच जाळी घ्या. ‘सगळ्यांना बसते’ अशी रबराची घेतलीत तर ती वाकडी बसते आणि वाकडी जाळी अर्धी चौकट काळी करते. घरांच्या भिंती आतून मॅट काळ्या असाव्यात. चमकत असतील तर ती जाळी स्वतःच उजेड उधळते. बसवल्यावर ती काचेला टेकता कामा नये. आणि ती पुढेच लागते, मागच्या तोंडाला कधीच नाही.

सहावी पायरी: झिरो पुन्हा पाहा

जाळीला भिंगासारखी ताकद नसते, त्यामुळे ती नेम सरकवत नाही. पण ती घट्ट बसवताना साईटला पीळ बसतो आणि माउंटचा (साईट रायफलवर धरून ठेवणाऱ्या पकडीचा) स्क्रू सैल असेल तर झिरो जातो. स्प्रिंगच्या एअर रायफलला पुढे आणि मागे असा दुहेरी धक्का असतो, तिच्यावर स्क्रू तसेही सैल होतात. म्हणून टेकू देऊन, त्याच छर्ऱ्याने, जाळीशिवाय एक ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या छर्ऱ्यांचा पुंजका) काढा आणि जाळी लावून दुसरा. दोन्ही ग्रुपचा मध्य जुळला की काम झालं. सरकला तर आधी माउंट आवळा आणि मग मोजा.

काचेच्या फिल्टरचं गणित वेगळं. पिवळा किंवा राखाडी फिल्टर उन्हात आराम देतो, पोलरायझिंग फिल्टर पाण्यावरची चमक कापतो पण निम्म्याहून जास्त उजेडही घेतो. स्वस्त काच दोन्ही बाजूंनी समांतर नसते. तिच्या दोन बाजूंत २ एमओए कोन असेल तर नेम साधारण १ एमओए सरकतो, आणि फिल्टर आट्यांत जितका फिरेल तितकी सरकण्याची दिशाही फिरते. मी नव्या माणसाला हा फिल्टर सुचवत नाही. उजेड कमीच करायचा असेल तर गडद शूटिंग गॉगल लावा, तो साईटला हात लावत नाही.

जाता जाता, सिरपूर तलावावर मोठ्या लेन्सवर डॉट साईट लावून पक्षी टिपणाऱ्या छायाचित्रकारांनाही हेच सगळं लागू आहे. तिथे चमक पाण्यावरून, खालूनही येते, आणि ती जाळीच्या कोनाबाहेरून येत असेल तर जाळी ती अडवते. त्यामुळे त्यांना जाळी आपल्यापेक्षा जास्त उपयोगी पडू शकते.

निगा

पावसात जाळी काढून ठेवा. भुरभुर आली की प्रत्येक षटकोनी घरात पाण्याचा पातळ पडदा ताणून बसतो आणि टार्गेटचे तुकडे तुकडे दिसतात. फुंकर मारली तर पडदा शेजारच्या घरात सरकतो, जात नाही. जाळी सोडवून, तोंड खाली करून, कोरड्या कापडावर हलकेच आपटली की पाणी उतरतं. काळ्या मातीचा चिखल शिरला तर तो वाळू द्या, मग मऊ ब्रशने झाडा; ओला असताना टोचून काढायला गेलात तर पातळ भिंती वाकतात.

आणि जाळी लावलेली असो वा नसो, मागचं झाकण वापरा. पुढचं भिंग आतून अंतर्गोल आरसा असल्याने, मागून सरळ शिरलेलं ऊन ते एलईडीच्या जागीच एकवटतं. सराव थांबवून चहाला जाताना रायफल सावलीत ठेवा, तिची नळी सुरक्षित दिशेला, आणि साईटचं मागचं तोंड सूर्याकडे नको.